भुवईला कलम नाही

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ सालचा. त्यातलं १३०वं कलम ज्याने लिहिलं, त्याने मराठवाड्यातल्या एखाद्या गावात पारावर बसून निदान एक तरी निवडणूक पाहिलेली असणार, असा मला दाट संशय आहे. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत मत मागायचं नाही. अमक्याला देऊ नको, असं सांगायचं नाही. मतदानालाच जाऊ नको, असंही सांगायचं नाही. निवडणुकीसंबंधी कसली पाटी किंवा खूण मिरवायची नाही. एवढ्यावर थांबला असता तर तो साधा कायदेपंडित ठरला असता. पण ही बंदी सार्वजनिक जागेत घालून झाल्यावर त्याने हळूच खाजगी जागाही आत घेतली, आणि तिथे तो गावचा जावई असल्याचं सिद्ध झालं.

कारण आमच्याकडे मतदान केंद्र शाळेत असतं आणि शाळा भर वस्तीत. आदल्या दिवशी दुपारी टेप आणि फक्कीची पाटी घेऊन माणसं येतात, शाळेच्या फाटकापासून मोजत जातात आणि रस्त्यावर पांढरी रेष ओढतात. रेष रस्त्यापुरती असते; कायदा मात्र तसाच पुढे भिंतीतून आरपार जातो, कुणाच्या गोठ्यातून, कुणाच्या देवघरातून, कुणाच्या चुलीपाशी. त्या रेषेच्या आतल्या स्वयंपाकघरात सकाळी चहा ओतता ओतता बायको नवऱ्याला म्हणाली, “यंदा त्या मेल्याला देऊ नगा,” तर कलमाचा शब्द न् शब्द धरला तर तो गुन्हा होतो. दंड अडीचशे रुपयांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसाला वॉरंटची वाट बघायला नको. सासू सुनेला म्हणाली, “ऊन लई हाय बाई, ऱ्हाऊ दे ते मत,” तर तिनेही मतदाराला मतदानापासून परावृत्त केलेलं असतं. शेजारचं घर मात्र एकशे एक मीटरवर. तिथे ही दोन्ही वाक्यं बिनधास्त बोलता येतात. त्यामुळे त्या दिवशी नवरा-बायकोला मतभेद करायचे असतील तर शेजारी जाऊन करावे लागतात. फिर्यादीची सोय म्हणावी, तर आमच्या तामलवाडीला स्वतःचं पोलीस ठाणं आहे. पण नवरा तिकडे जात नाही. रात्री जेवायला घरीच यायचं असतं.

तामलवाडीवर शांततेचे नियम लादणं हा मुळात धाडसाचा प्रकार आहे. सोलापूरहून तुळजापूरला निघालं की धाराशिव जिल्ह्यात शिरता शिरता लागणारं, महामार्गावरचं, टोलनाक्याचं हे गाव. ट्रॅव्हल्सचे भोंगे, उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी, कोजागरीच्या पौर्णिमेला सोलापूरकडून तुळजापूरला पायी जाणाऱ्या माणसांचा रात्रभर चाललेला ‘आई राजा उदो उदो’. इथे दोन माणसं शेजारी बसून बोलत असली तरी ती दोन रानांच्या बांधांवरून बोलतायत असं वाटतं. कारण पिढ्यान्पिढ्या ती तशीच बोलत आलेली असतात. अशा गावाला १३१वं कलम सांगतं की केंद्रात किंवा केंद्राच्या आसपास ओरडायचं नाही, लोकांना त्रास होईल असा आवाज करायचा नाही, ध्वनिक्षेपक लावायचा नाही. नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आमच्याकडे कुजबुज हा प्रकार फक्त कुणी वारल्यावर करतात. त्यामुळे मतदानाच्या दिवशी परगावचा पाहुणा एसटीतून उतरला तर आधी विचारतो, “कोन गेलं?”

त्याआधीच्या पंधरा-वीस दिवसांत तीनचाकी टेम्पोंवरच्या भोंग्यांनी गाव सोललेलं असतं. मतदान संपायच्या ४८ तास आधी प्रचार थांबतो. त्याच ४८ तासांत दारूची दुकानंही बंद. थोडक्यात, गावातले आवाज करणारे दोन्ही स्रोत सरकार एकाच वेळी आटवतं. २०२४मध्ये आम्ही हे दोनदा अनुभवलं: ७ मेला लोकसभेला आणि २० नोव्हेंबरला विधानसभेला. ७ मेला तर मंगळवार होता, देवीचा वार. ज्या दिवशी देवीच्या नावाचा उदोकार करायचा, त्याच दिवशी तोंड मिटून उभं राहायचं आलं.

आता प्रश्न असा की बोलायचंच नाही तर प्रचार करायचा कसा? परक्या माणसाला हा प्रश्न पडतो. गावाला पडत नाही.

रेषेच्या बाहेर, ऐन एकशे एकाव्या मीटरवर, गावातली सगळी वजनदार माणसं उभी असतात. त्यांच्यातलं कुणीच मत मागत नाही. एक जण नुसता हात जोडून म्हणतो, “राम राम, पाव्हनं.” दुसरा विचारतो, “मोटर चालू झाली का रं?” आता मोटरीचा डीपी गेल्या महिन्यात जळाला होता, त्यावरचे बाकीचेही बसून होते आणि नवीन ट्रान्सफॉर्मर कुणाच्या चिठ्ठीने आला हे मतदाराला नीट ठाऊक असतं. तिसरा काहीच बोलत नाही. तो फक्त बघतो, आणि त्याची डावी भुवई गव्हाच्या दाण्याएवढी वर जाते. तेवढ्या उचलीत सोसायटीचं कर्ज, पोराची आश्रमशाळेतली नोकरी, भावकीचा बांध आणि मागच्या लग्नातला आहेर, सगळं येऊन जातं. मत मागणं, गळ घालणं, परावृत्त करणं, खूण मिरवणं हे सगळं १३०व्या कलमात आहे. भुवई नाही.

उमेदवारांच्या माणसांनी टेबलं कुठे मांडायची, याचाही नियम आहे. २०२४पर्यंत दोनशे मीटरच्या पलीकडे. २०२५मध्ये निवडणूक आयोगाने हे अंतर शंभरावर आणलं. एक टेबल, दोन खुर्च्या, डोक्यावर उन्हापुरता आडोसा. गर्दी जमवायची नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही. मतदाराला यादीतला क्रमांक काढून द्यायचा तो कोऱ्या पांढऱ्या कागदावर. त्यावर ना उमेदवाराचं नाव, ना पक्षाचं, ना चिन्ह. नियमात दोन खुर्च्या लिहिल्या असल्या तरी खुर्चीवर बसलेल्यालाच माणूस मोजायचं असं कुठे लिहिलेलं नाही. त्यामुळे दोघे खुर्चीवर, चौघे शेजारच्या मोटारसायकलींवर, सहा जण कट्ट्यावर आणि उरलेले ‘सहज’ लिंबाखाली उभे असतात. चिठ्ठी पांढरी असते हे खरं. पण ती कुणाच्या टेबलावरून घेतली, हे समोरच्या टेबलावरचा माणूस वहीत टिपून ठेवतो. म्हणून चतुर मतदार तिन्ही टेबलांवरून तीन चिठ्ठ्या घेतो, तिन्हीकडे मान डोलावतो आणि आत जाऊन केंद्रावरच्या माणसाला आधार कार्ड दाखवतो, कारण चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा धरतच नाहीत.

तिकडे ऑस्ट्रेलियात हे अंतर अवघं सहा मीटर आहे, असं कळल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो. सहा मीटर म्हणजे आमच्याकडे दोन माणसं एकमेकांना भेटून उभी राहतात तेवढी जागा. शिवाय तिथे मतदानाच्या दिवशी शाळेच्या आवारातच सॉसेज भाजून विकतात, त्या पैशांतून शाळेला मदत होते, आणि लोक हातात पाव घेऊन रांगेत उभे राहतात. आमच्याकडे हे सुरू केलं तर पहिल्या तासात हुरड्याची भट्टी आणि दुसऱ्या तासात ‘हुरडा कुणाच्या रानातला’ यावरून मारामारी होईल. उलट अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने २०२१मध्ये रांगेतल्या मतदाराला कुणी बाहेरच्याने पाणी द्यायलासुद्धा बंदी केली. आपल्या नियमात पाणी, सावली आणि रॅम्प ही प्रशासनाचीच जबाबदारी आहे. मे महिन्यात आमच्या भागात जे ऊन पडतं ते पाहता, रांजणाजवळची गर्दी आणि मतयंत्राजवळची गर्दी यांत पहिली मोठी असते, यात लोकशाहीचा काही दोष नाही.

केंद्राच्या आत कोणतीही खूण दिसता कामा नये. नेत्यांचे फोटो उतरवायचे किंवा झाकायचे, चिन्हांसारखं काही असेल तर तेही झाकायचं. हा नियम करताना एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, की मतदान केंद्र असतं पहिलीच्या वर्गात, आणि पहिलीच्या भिंतीवर मुळाक्षरं असतात. क कमळाचं. घ घड्याळाचं. ध धनुष्याचं. म मशालीचं धरा किंवा माशाचं. ह हाताचं. हत्तीचं म्हणून सोडवावं, तर हत्तीही एका पक्षाचा आहे. मे महिन्यात धाराशिव लोकसभेला मशाल आणि घड्याळ आमनेसामने, नोव्हेंबरात तुळजापूर विधानसभेला कमळ आणि हात. दोन्ही लढती सहा वर्षांच्या पोराने भिंतीवर आधीच गिरवलेल्या. मग केंद्रावरची माणसं रद्दीची वर्तमानपत्रं आणि डिंक घेऊन मुळाक्षरांच्या मागे लागतात. रद्दीत नेमका एखाद्या नेत्याचा फोटो निघतो, तो उलटा करून चिकटवतात. उलट बाजूला दुसरा असतो. शेवटी कुठल्याच पक्षाने न घेतलेली अक्षरं तेवढी उघडी राहतात. ‘ञ’ आणि ‘ङ’ ही दोन्ही. निवडणुकीत खरोखर तटस्थ कोण, याचं उत्तर त्या भिंतीवर मिळतं.

आत कोणी यायचं, याची यादी १९६१च्या निवडणूक नियमांत आहे. मतदान अधिकारी, कामावरचे सरकारी नोकर, आयोगाने परवानगी दिलेले, उमेदवार, त्यांचा निवडणूक प्रतिनिधी, एकेक पोलिंग एजंट, चालता न येणाऱ्याबरोबरचा आधाराचा माणूस, आणि आईच्या कडेवरचं मूल. बाकी सगळे बाहेर. मंत्री आले तरी त्यांचे बंदूकवाले बाहेर, आणि पोलिसांनीही केंद्राध्यक्षाने बोलावल्याशिवाय आत डोकवायचं नाही. या यादीतलं सगळ्यांत वादग्रस्त कलम म्हणजे कडेवरचं मूल. वयाची अट नाही, फक्त कडेची आहे. त्यामुळे तिसरीतला, पाय जमिनीला टेकणारा नातू आजी कडेवर उचलून आत येते. केंद्राध्यक्ष म्हणतो, “आजी, याला खाली ठेवा.” आजी म्हणते, “खाली ठिवला तर तुमीच म्हनताल भाईर काढा.” नियमाचा इतका अचूक अर्थ औरंगाबाद खंडपीठातही ऐकायला मिळत नाही.

एजंटांच्या बसण्यालाही क्रम आहे: आधी राष्ट्रीय पक्ष, मग राज्य पक्ष, मग नुसते नोंदणी झालेले, शेवटी अपक्ष. गावात ही माणसं एकमेकांचे चुलते-पुतणे, मेहुणे, साडू असतात. एरवी लग्नाच्या पंगतीत आजोबांच्या शेजारी कोण बसणार यावरून रुसणारी ही मंडळी इथे बाकावर गुमान क्रमाने बसतात. अपक्षाचा एजंट दाराजवळ, जिथे वारा लागतो. मे महिन्यात तो मनातल्या मनात पक्ष नसल्याबद्दल आभार मानत असतो.

या एजंटांची पहाटे साडेपाचला पहिली परीक्षा होते. खऱ्या मतदानाआधी नव्वद मिनिटं खोटं मतदान करून बघायचं असतं. किमान पन्नास मतं टाकायची, निकाल काढायचा, जुळवायचा, पुसायचा, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील करायच्या. या मतांत प्रत्येक उमेदवाराच्या वाट्याला मत येतं. दिवसभरात एवढा सलोखा पुन्हा दिसत नाही. अपक्षाचा एजंट या निकालाकडे इतका भावुक होऊन बघतो, की ‘क्लिअर’ बटण दाबताना त्याला बाहेर चहाला पाठवावं लागतं.

सातला दरवाजा उघडतो. बायकांची रांग एक, पुरुषांची एक. अपंग, वयस्कर आणि पोरं कडेवर असलेल्यांना आधी सोडायचं. बाकी कुणाला नाही. हे बाकी कुणाला नाही म्हणजे खरोखरच कुणाला नाही. रांगेत सरपंच उभा, त्याच्यामागे त्याचा सालगडी, त्याच्यामागे कर्जदार, त्याच्यामागे त्याचा सावकार. आमचा तालुका तुळजापूरचा, रांगेची आम्हाला लहानपणापासून सवय. पण भवानीच्या दारातसुद्धा ओळखीचा पुजारी शोधता येतो. इथे पुजारी परगावचा असतो, परतालुक्यातला. केंद्रावरची टीम मुद्दाम तशीच नेमलेली. तो गावातल्या एकालाही ओळखत नाही आणि ओळखायचीही त्याची इच्छा नसते. “मी कोण आहे माहीत आहे का?” असं कुणी जोरात विचारलंच, तर पहिला मतदान अधिकारी यादीवरून डोळा न काढता म्हणतो, “भाग क्रमांक, अनुक्रमांक सांगा.” एवढं लहान वाक्य, पण गावातली सगळी उतरंड त्याने जमीनदोस्त होते.

हा पहिला अधिकारी नाव मोठ्याने वाचतो, एजंटांना ऐकू यावं म्हणून. आपलं पूर्ण नाव सरकारी आवाजात ऐकायची गावातल्या बऱ्याच बायकांची ही वर्षातली एकमेव वेळ. एरवी त्या अमक्याच्या आई, तमक्याची मालकीण. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी आपलं नाव सांगायला नकार दिला आणि ‘अमक्याची बायको’ एवढंच लिहून घ्या म्हटलं. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ते चालवून घेतलं नाही. आमचा जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, आणि त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. आता एकाच यंत्रात सगळे. म्हणजे त्या काळी उमेदवार निदान एकमेकांना धक्का तरी मारत नव्हते.

नाव वाचल्यावर एखाद्या एजंटाला शंका आली, की ही बाई ती नव्हेच, तर त्याला हरकत घेता येते. त्यासाठी केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये रोख भरायचे. हरकत खोडसाळ ठरली तर दोन रुपये जप्त. हा दर १९६१पासून तसाच आहे. महागाईच्या काळात भांडणाचा इतका स्वस्त परवाना कुठे मिळणार नाही. आमच्याकडच्या एजंटांची अडचण पैशाची नसते. सुट्ट्यांची असते. खिशात पाचशेची नोट असते आणि केंद्राध्यक्ष म्हणतो, “सुट्टे द्या.” सुट्टे शोधायला चहाच्या टपरीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत ती बाई मत देऊन, शाई वाळवून, घरी भाकरी टाकायला लागलेली असते. शिवाय हरकत घेतलेली बाई ही हरकत घेणाऱ्याची नात्याने मामी लागते, आणि ते दोन रुपये पुढे दहा वर्षं भाऊबीजेला वसूल होतात.

आता येतो खरा पाहुणा. दारूबंदी ४८ तासांची असली, तरी दुकानाला ती असते, माणसाला नसते. दुपारी तीनच्या सुमारास, ऊन डोक्यावर असताना, एक गृहस्थ रांगेत येतात. त्यांचा आवाज त्यांच्या आधी येतो. त्यांना सगळ्यांपुढे भाषण करायचं असतं. विषय ठरलेला नसतो. १३२वं कलम याच माणसासाठी लिहिलेलं आहे. केंद्रात जो गैरवर्तन करील किंवा केंद्राध्यक्षाचं ऐकणार नाही, त्याला बाहेर काढता येतं, आणि परवानगीशिवाय पुन्हा आत शिरला तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. होमगार्ड त्यांना दंडाला धरून लिंबाखाली बसवतो. एजंट सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि मग केंद्राध्यक्षाला त्याच कलमातलं दुसरं पोटकलम आठवतं: हे अधिकार असे वापरायचे नाहीत, की मतदानाचा हक्क असलेल्या माणसाची मत द्यायची संधीच जाईल.

मला विचाराल तर साऱ्या निवडणूक कायद्यात याच्यापेक्षा शहाणी ओळ नाही. गोंधळ बाहेर काढा, मतदार काढू नका. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अंगात असल्या तर काय करायचं, हे कायद्याने केंद्राध्यक्षावर सोडलंय, आणि केंद्राध्यक्ष असतो दुसऱ्या तालुक्यातला गणिताचा शिक्षक. तो तासाभराने बाहेर येतो, त्या गृहस्थांना पाण्याचा तांब्या देतो आणि विचारतो, “आता येताय का?” ते तोंडावर पाणी मारतात, टोपी नीट करतात आणि आत जाऊन इतक्या अदबीने मत देतात की शाई लावणाऱ्या बाईंना नमस्कार करून “उपकार झाले” म्हणतात. बाहेर पडून रेषा ओलांडली की राहिलेलं भाषण पुन्हा सुरू.

गैरवर्तन म्हणजे आरडाओरडच असते असं नाही. २०२४मध्ये ७ मेलाच पुण्यात राज्य महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षा रूपाली चाकणकर यांनी केंद्रात मतयंत्राला ओवाळलं आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात नाशिकच्या निवडणुकीत उमेदवार शांतिगिरी महाराजांनी हार घातला, त्यांच्यावरही झाला. ही बातमी ऐकून आमच्याकडच्या वयस्कर मंडळींना वाईट वाटलं. नवीन ट्रॅक्टरला हार घालतो, विहिरीच्या मोटरीला नारळ फोडतो, तोलकाट्यालाही कुंकू लावतो. मग पाच वर्षांचं नशीब ठरवणाऱ्या यंत्रानेच असं काय पाप केलं? कायद्याचं म्हणणं असं की यंत्र तुमच्यासाठी काम करतं, देव नाही. त्याला नवस बोलायचा नाही. आणि खरं तर नवस बोलायला तिथे वेळही नसतो. बटण दाबलं, लांब शिट्टी वाजली, शेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि पडली पेटीत. ती चिठ्ठी टोलच्या पावतीसारखी हातात मिळेल म्हणून कित्येक जण यंत्रापाशी हात पसरून थांबतात. मागून आवाज येतो, “आण्णा, पावती न्हाई भेटत. पुढं सरका.”

मोबाइल हा नवा उपद्रव. २०२४पर्यंत तो शंभर मीटरच्या आत आणायलाच बंदी होती. लोक मत द्यायला येताना फोन सांभाळायला घरचं एक माणूस बरोबर आणायचे, आणि तेही मतदार असायचं. २०२५मध्ये आयोगाने सवलत दिली: फोन बंद करून दारापर्यंत आणा आणि तिथल्या खोक्यात किंवा तागाच्या पिशवीत ठेवा. म्हणजे आपल्या देशाने माणसाला अंतराळात न्यायची तयारी चालवलीय, आणि वीस हजारांचा फोन त्याने ठेवायचा गोणपाटात. पण एका परीने बरंच आहे. एकाच पिशवीत सरपंचाचा आणि सालगड्याचा फोन शेजारी शेजारी पडलेले असतात, आणि दोन्ही बंद असतात.

डोळ्यांनी न दिसणाऱ्या किंवा हात न चालणाऱ्या मतदाराला सोबती नेता येतो. सोबती अठरा वर्षांचा हवा, मत कुणाला दिलं ते कुणाला सांगणार नाही असं लिहून द्यायचं, आणि एका दिवसात एकाचाच सोबती व्हायचं. हे शेवटचं कलम नसतं, तर गावोगावी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत सोबत करणारे श्रावणबाळ निपजले असते. जे पोरगं आजोबांना वर्षभर रानात पोचवत नाही, ते त्या दिवशी तीन गल्ल्यांतल्या आजोबांना खांद्यावर घेऊन फिरायला तयार असतं. कायद्याने पितृभक्तीवरही मर्यादा घातली, ती यासाठी.

हे सगळं मोजमाप, फक्की, खुर्च्या, दोन रुपये, गोणपाट जमवून शेवटी मतदार येतो तो एका पुठ्ठ्याच्या आडोशामागे. तीन बाजूंनी बंद, वर उघडा. त्याच्यामागे सरपंच नाही, सावकार नाही, नवरा नाही, सासू नाही. कमरेला हात लावून उभं राहायचीही सोय नाही, इतका तो अरुंद. सरकारने शंभर मीटरवर जे थांबवता आलं ते थांबवलं. जे थांबवता येत नाही त्याच्यासाठी हा पुठ्ठा. रेषेबाहेरची भुवई कितीही वर गेली तरी ती या पुठ्ठ्याच्या वरून डोकावू शकत नाही. लिंबाखालच्या माणसांना हे ठाऊक असतं. म्हणूनच मतदार बाहेर येताना ती त्याच्या चेहऱ्याकडे इतकं निरखून बघतात, आणि म्हणूनच मतदार बाहेर येताना आभाळाकडे बघतो.

संध्याकाळी सहाला फाटक बंद. सहाच्या आत जे आवारात आले त्यांना मत देता येतं, मग रात्रीचे आठ वाजोत. त्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतात, त्याही रांगेच्या शेपटाकडून, म्हणजे मागून कुणी नवा घुसू नये. सगळ्यांत उशिरा, रानातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडून धावत आलेल्याच्या हातात चिठ्ठी पडते ती एक नंबरची. जन्मात कशातच पहिला न आलेला माणूस त्या दिवशी सरकारी सहीनिशी पहिला येतो.

फाटक बंद झालं की पाच मिनिटांत गाव पुन्हा गावाच्या आवाजात बोलायला लागतं. टपरीवर वह्या उघडतात, टेबलांवरचे हिशेब सुरू होतात: अमुक भावकी आपली, तमुक वस्ती आपली, माळुंब्र्याच्या सोयऱ्यांची धरून इतकी. सगळ्या टेबलांची बेरीज मतदार यादीपेक्षा बरीच जास्त भरते. त्याला कारण आहे. कायद्याचं ९४वं कलम म्हणतं, की मत कुणाला दिलं हे सांगायला कुणालाही भाग पाडता येणार नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातसुद्धा. पण टपरीवर पिंजरा नसतो, मामा असतात. आणि मामांनी विचारल्यावर “सांगणार नाही” म्हणणं हा आमच्याकडे गैरवर्तनाचा असा प्रकार आहे, ज्याला कुठलंही दुसरं पोटकलम वाचवत नाही.

“मग? कुनाला टाकलं?”

“काय मामा इचारताव! तुमालाच की.”

मामा खूश होऊन चहा सांगतात. शेजारच्या बाकावरचे दुसरे मामाही समाधानाने हसतात. त्यांना सकाळीच हे सांगून झालेलं असतं.